कमळताईचं म्हणणं

अगरदांड्याहून दिघीला निघालेल्या फेरीबोटीत नेत्राला उभं राहायला जागा मिळाली ती एका बर्फाच्या टेम्पोशेजारी. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि टेम्पोच्या फळ्यांतून ठिबकणारं गार पाणी तिच्या चपलांखालून वाहत होतं. पुढ्यात तिशी ओलांडलेली एक बाई कठडा धरून खाडीकडे बघत होती. गोल चेहरा, केसांत अबोलीचा वळेसर, ओठांवर येऊ घातलेलं हसू... नेत्राला तिच्याशी बोलावंसंच वाटलं.

"नाव काय हो तुमचं?"

"कमळ," मागून पुरुषी आवाज आला.

नेत्रा वळली. बर्फावरचं गोणपाट सारखं करत एक उंच, सावळा तरुण उभा होता.

"अय्या, तुमचं नाव कमळ?"

तो पार कानापर्यंत लाजला. "माझं प्रज्योत. ती... माझी मोठी बहीण. तिला बोलायला जरा वेळ लागतो, म्हणून—"

"लागू दे की. मला वेळ आहे."

"माझ्या बर्फाला नाही," तो पुटपुटला, आणि दोघंही हसले. बोट धक्क्याला लागता लागता कमळताईनं नेत्राची ओढणी हळूच ओढली आणि सांगितलं, "मी... कमळ."

नेत्रा चौलच्या एका संस्थेत होती. ज्यांची समज थोडी हळू चालते अशा मोठ्या माणसांना, आपण कसं जगायचं हे स्वतः ठरवायला मदत करायची, असं तिचं काम. सुपारीच्या वाडीत संस्थेचं घर होतं. तिथं चौघी जणी राहायच्या, एक जागा रिकामी होती. त्याच कामासाठी ती दिघीत पत्ता विचारत एका ओटीपाशी पोचली, तर अंगणात तोच टेम्पो.

बोलावणं काशीकाकीचं होतं. आईबाप गेल्यावर शेजारच्या या काकीनंच दोघांकडे बघितलं होतं. प्रज्योतला आलेली स्थळं कमळताईला पाहून परत जायची, म्हणून तिला चौलला ठेवावं असं काकीचं म्हणणं. ताई माझ्याशिवाय एक रात्रही राहायची नाही, माझं लग्न नाही झालं तरी चालेल, असं प्रज्योतचं. दोघांनी आपापली बाजू नेत्राला ऐकवली.

"आणि ताईंचं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

काकी बघतच राहिली. "तिला कोन इचारतंय, पोरी?"

पुढचे दोन महिने नेत्रा येत राहिली. कधी कमळताईबरोबर बंदरावर बसली, कधी तिला चौलच्या घरी दोन-दोन दिवस राहायला घेऊन गेली. संस्थेची रीत एकच होती: जिला विचारलंय तिनंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. प्रज्योतला हे थांबणंच जमेना. ताईला चहा हवा का म्हटलं की हाच म्हणायचा, बिनसाखरेचा. मग नेत्रा नुसती भुवई उचलायची, आणि तो मुकाट्यानं तोंडावर हात ठेवायचा. वरून डोळे मात्र हसायचे... त्या डोळ्यांनी घोळ केला. फेरीबोट दिघीजवळ आली की नेत्रा केस सारखे करायला लागली. एके दिवशी हे तिच्या ध्यानात आलं, आणि दुसऱ्या सकाळी तिनं कमळताईचं काम संस्थेतल्या मृणालीकडे सोपवलं. मन एकीकडे झुकलं की दुसऱ्याचं नीट ऐकू येत नाही, एवढंच तिनं मृणालीला सांगितलं. मृणाली गालात हसली.

ठरवायची बैठक ओटीवर झाली. मधल्या खुर्चीवर कमळताई. कुणाला बोलवायचं हेही तिनंच सांगितलेलं: काकी, प्रज्योत, चौलच्या घरातली मैत्रीण शिवानी आणि नेत्रा. मृणालीनं विचारलं, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?

काकीनं पदराशी चाळा केला. प्रज्योतनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर टेम्पोतला बर्फ पाझरून अंगणात ओघळ झाला...

"चौलला," कमळताई म्हणाली. "शिवानीच्या खोलीत. आयतवारी घरी."

"अगं, तुला रात्री भीती वाटते ना? मी नसलो की—"

"पज्या," तिनं त्याला थांबवलं. "मोठी मी हाय. तू न्हाय."

प्रज्योत उठून बाहेर गेला. नेत्रा मागोमाग आली तेव्हा तो टेम्पोच्या दाराशी पाठमोरा होता. तुम्ही तिला पढवलंत, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. परतीच्या बोटीत वारा असूनही तिचे डोळे कोरडे होईनात.

महिना गेला. थंडी वाढली. एका दुपारी प्रज्योत चौलला आला. कमळताईनं त्याला पाटावर बसवलं, आपल्या हातची भाकरी वाढली, वाकडी झाली तरी खायची म्हणून दटावलं. शिवानीबरोबर ती रोज देवळापाशी गजरे विकायला बसते, हेही ऐकवलं. तो जेवून बाहेर आला तेव्हा वाडीतल्या पाण्याच्या पाटाशी नेत्रा हात धूत होती.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तिला मी सांभाळलं, पण कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. हे तुमचे उपकार—"

"बैठकीत तर मृणालीनं विचारलं. ताईंचं काम मी आधीच सोडलं होतं."

"का?"

तिनं मान खाली घातली. पाण्यावरून सुपारीचं एक वाळकं पान सरकत गेलं. तो घाई न करता उभा राहिला.

"तुमच्या घरी मला... कामासाठी यायचं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

प्रज्योतनं खोल श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता, नेत्रा. बोटीवरच्या त्या दिवसापासनं. माझं मागणं सांगायची मला सवय नाही, म्हणून उशीर झाला."

रोज कुणाकुणाला काय हवंय ते ऐकणाऱ्या नेत्राला, कुणाला तरी आपण हव्या आहोत हे पहिल्यांदाच ऐकू आलं. तिचे डोळे भरले आणि त्यातूनच ती खट्याळ हसली.

"मग आमच्या घरी या. बाबा प्रश्न फार विचारतात. उत्तरं मात्र तुमची तुम्हीच द्यायची... काकींना बरोबर आणलंत तरी."