विमानाच्या रांगेतली माझी जागा

विमानानं जाऊ की रस्त्यानं, हे तुमचं कालपासून चाललंय. जा बाबा कशानंही. पण एकदा निघालात की मधेच मन बदलू नका, एवढं या म्हातारीचं ऐका. गावात घर असून मी या लॉजवर का राहते, असंही विचारत होतात ना? दोन्हीचं उत्तर एकच आहे. बसा. दिवा असू दे तसाच, अंधारात मला हे सांगवत नाही.

माझा धाकटा भाऊ सीमेपलीकडे नोकरीला होता. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. माझं लग्न झालं नाही, त्याचं टिकलं नाही. तो आजारी पडला आणि तिथल्या हॉस्पिटलमधून त्याचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. म्हणाला, "ताई, विमानानं ये. बसनं फार वेळ लागतो. मला एकट्यानं जायचं नाहीये गं…"

मी शिवणकाम करणारी बाई. हातातली कापडं तशीच टाकली, तिकीट काढलं आणि सकाळी विमानतळावर जाऊन रांगेत उभी राहिले. बाहेर धुकं इतकं, की काचेपलीकडचं विमानसुद्धा दिसेना. कधी सुटेल म्हणून विचारलं, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सांगता येत नाही." इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिचं हसू बघा. जवळच्याच चौकातून सीमेपलीकडची बस सुटते. ती धुक्यातही सुटते, पावसातही सुटते. थोडा वेळ नुसती घालमेल झाली. मग मी रांगेतून बाहेर पडले आणि बस पकडली. मागे वळून पाहिलं नाही. मागचा माणूस पुढे सरकला असेल आणि माझी जागा भरली असेल, असं धरून चालले.

सीमेवर सगळ्यांना उतरवतात. बस रिकामी पुढे जाते आणि माणसं मधला पट्टा चालत ओलांडतात. या टोकाला बाहेर पडल्याचा शिक्का, त्या टोकाला आत आल्याचा. मधली वाट कुठल्याच देशाची नाही. दोन्ही बाजूंना जाळी, वर पत्रा, त्यावर टपटप पडणारे थेंब आणि ओल्या गंजाचा वास. बाकीचे झपाझप पुढे गेले. धुक्यात त्यांची पावलं ऐकू यायची, मग तीही थांबली. एकटेपणाची मला सवय आहे हो. पण त्या वाटेवर पहिल्यांदा वाटलं, आपण इथे नाहीसे झालो तर कुणाला पत्तासुद्धा लागायचा नाही.

पलीकडच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही तर आत आलेल्या आहात."

"कशी येईन? ही काय तुमच्यासमोर उभी आहे."

"दुपारी. विमानानं." त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तिकडच्या विमानतळावर काढलेला फोटो होता. मीच होते. अंगात हाच स्वेटर, कोपराजवळ मीच केलेला रफू. फक्त चेहरा अगदी शांत होता. भाऊ तिकडे शेवटच्या घटका मोजत असताना माझा चेहरा तसा असणं शक्यच नव्हतं.

त्यानं मला मागच्या खोलीत बसवलं. परत जावं तर बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला, पुढे जावं तर माझ्या नावानं कुणीतरी आधीच आत गेलेलं. धड इकडची ना धड तिकडची. बस माझ्यावाचून निघून गेली. मी विनवण्या केल्या, भांडले, रडले. "मशीनची चूक असेल… वरून उत्तर येऊ दे," एवढंच तो म्हणत राहिला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मला सोडताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

वॉर्डमध्ये पोचले तेव्हा भावाच्या कॉटवर नवी चादर घालत होते. नर्स मला बघून लगबगीनं पुढे आली.

"परत का आलात? काही राहिलं का?"

"कधी गेला तो?"

ती गोंधळली. "अहो, तुम्हीच तर होतात. रात्रभर त्यांचा हात सोडला नाहीत. पहाटे ते तुमच्या कानात काहीतरी बोलले… आणि तुमचा चेहराच पडला. हात सोडलात, उठलात, तशाच विमानतळाकडे निघालात. मला वाटलं, धक्का बसला असेल."

"काय बोलला?"

"ते तुम्हालाच ठाऊक, ताई."

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवा. इतकी वर्षं आम्ही दोघंच एकमेकांना होतो, आणि त्याचा शेवटचा शब्द दुसरंच कुणीतरी घेऊन गेलं. त्याला पोचवून मी परत निघाले. बसनंच. सीमेवर तोच अधिकारी होता. त्यानं काही विचारलं नाही, शिक्का मारला आणि पासपोर्ट सरकवला.

संध्याकाळी घरी पोचले तर खिडकीत उजेड. मी यायच्या आधी माझ्या घरात दिवा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. लावणार कोण? मन इतकं वेडं, की क्षणभर बरंसुद्धा वाटलं. किल्ली फिरवली, पण कडी आतून होती. दार वाजवलं. आतून पावलं आली आणि दाराशी थांबली.

"कोण…?"

माझाच आवाज. घाबरलेला.

मला घर नको होतं, काही नको होतं. दाराला तोंड लावून म्हटलं, "तो शेवटी काय म्हणाला तेवढं सांग. मी जाते."

दारापलीकडे कुणीतरी हळूहळू खाली बसल्याचा आवाज आला.

"म्हणाला…" ती रडत होती. "म्हणाला, 'माझी ताई अजून का नाही आली?'"