चिकटलेलं पान

“अर्थ मनात उतरल्याशिवाय पान उलटायचं नाही,” आई सांगायची. “पोथीतलं घर, दार, वाटसरू... सगळं तुझ्याच आत आहे. डोळे मीट आणि बघ.” आई गेली, पण नेम राहिला. रोज सकाळी एक पान, आणि ते होईपर्यंत मौन.

पोथीची शिवण उसवली म्हणून मी कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे गेले. त्याने पोथीकडे एकदा पाहिलं, आत जाऊन हात धुतले, पुसले, आणि मग दोन्ही हातांनी ती घेतली. मी उगीचच थोडी रेंगाळले.

पोथी बांधून आली आणि एका पानावर मी अडले. वाटसरू बंद दारापाशी उभा आहे, एवढंच त्यावर होतं. डोळे मिटले की दार दिसायचं, आणि दारापाशी – आता काय सांगू – बाइंडर. चौथ्या दिवशी मन घट्ट करून पान उलटायला गेले, तर उलटेना. वाटलं, मन थाऱ्यावर नाही, अर्थ उतरेल कसा? आठ दिवस त्याच पानापुढे बसले. वहिनीने विचारलंच, पान अडलंय की तुझं घोडं?

नवव्या दिवशी तिनेच मला दुकानात पिटाळलं. मी खालमानेने सगळं सांगितलं, दारापाशी कोण दिसतं तेवढं सोडून. त्याने पान उजेडाकडे धरलं आणि गालात हसला.

“खळ लागून चिकटलंय. चूक माझी. आणि तुम्ही आठ दिवस...”

“मला वाटलं, देव थांबवतोय.”

“थांबवलं असेलही.” पातळ सुरीने त्याने पान अलगद सोडवलं. पोथी मात्र लगेच परत दिली नाही. “हे दार बंद कुठून आहे? आतून की बाहेरून?”

तसं लिहिलेलं नव्हतं. आई म्हणायची, घरही आपणच, वाटसरूही आपणच – मी तेवढं सांगितलं.

“मग कडी तुमच्याच हाताशी की...” त्याचे कान लाल झाले. “दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही दुकानासमोरून दूध घेऊन जाता. मौनात असता, म्हणून कधी हाक मारली नाही. मीही दाराबाहेरच उभा आहे म्हणायचा.”

खळीच्या भांड्यावर साय धरली होती. मी तिच्याकडेच बघत राहिले.

“उद्या सांगते,” मी म्हटलं. “पान उलटलं की.”

“नाही उलटलं तर?”

“तर पुन्हा तुमच्याकडेच यावं लागेल.”

सकाळी डोळे मिटले. तेच दार... पण आज मी आत होते. बाहेर कोण आहे, ते न बघता कळत होतं. पान सहज उलटलं. पलीकडचं उद्यासाठी ठेवलं.

कुठे निघालीस, वहिनीने विचारलं. मौन सुटलं होतं, तरी मी नुसती हसले. चपला घातल्या, आणि हळूच दाराची कडी काढली.