न वाजलेला अलार्म

"मॅडम, अलार्म वाजलाच नाही!"

हॉस्पिटलची मशीनं सांभाळणाऱ्या इंजिनिअरचा आवाज फोनवर चिरकत होता. सकाळी एका नवजात बाळाचा ऑक्सिजन घसरला. मशीन गप्प. योगायोगाने नर्सची नजर गेली, तोवर बाळ निळं पडलं होतं.

"कालच तुमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. जुनी परत टाकायची सोयही ठेवली नव्हती. बाकीच्या अकरा बाळांजवळ माणसं उभी केली आहेत. कुठवर उभी राहतील?"

"बाळ कसं आहे?"

"व्हेंटिलेटरवर."

तिने फोन ठेवला. मशीनचे आकडे वाचून धोका दिसताच अलार्म सुरू करणारी ही लायब्ररी, म्हणजे सी भाषेतल्या तयार कोडचा संच, तिच्या काकांनी वीस वर्षांपूर्वी लिहिली आणि सगळ्यांसाठी खुली केली. लोक कुठून कुठून सुधारणा पाठवत. पण त्या मूळ कोडमध्ये घालायचा अधिकार एकट्या काकांचा. पुतणी दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली काम करत होती.

काका पलीकडच्या टेबलावर होते. स्क्रीनवर बोराएवढी अक्षरं, जेमतेम आठ ओळी मावत.

"अलार्मच्या कोडला शेवटचा हात कोणाचा लागला?" तिने विचारलं.

"चिमणीचा. बदलांच्या इतिहासात तिचंच नाव आहे. कळवतो सगळ्यांना, आणि काढतो तिला बाहेर."

चिमणी हे सुधारणा पाठवणाऱ्या एकीचं टोपणनाव. तिला कोणी पाहिलंही नव्हतं.

पुतणीने कोड लिहून चालवून बघायचा आयडीई उघडला, अलार्मच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि खोटे आकडे सोडले. प्रोग्राम ओळीवर थांबला, पुढे गेला. अलार्म वाजला. दहा वेळा, दहाही वेळा वाजला.

मग तिने हॉस्पिटलला देतात तशी रिलीज बिल्ड केली. तेच आकडे सोडले. शांतता.

कोड तोच. तिने चिमणीला फोन लावला.

"माझ्या नावाकडे जाहीरपणे बोट दाखवलंत," चिमणी रडवेली झाली होती. "मी ते केलं नाही हो!"

"तुम्ही काय पाठवलं होतं?"

"दोन ओळी. पहिली फक्त तपासणीची, assert ची, सेन्सर तयार आहे का ते बघणारी. दुसरी अलार्म सुरू करणारी."

"इथे एकच आहे."

"एकच? ओळीच्या सुरुवातीला काय आहे? मी नेहमी चार स्पेस देते. टॅब कधीच नाही."

पुतणीने कोऱ्या जागा दाखवणारं बटण दाबलं. चिमणीच्या सगळ्या ओळींपुढे चार-चार ठिपके उमटले. त्या एका ओळीपुढे बाण होता. टॅबचा.

तिने आणखी एक फाईल उघडली. बाण. दुसरी उघडली. बाणच. दोन्ही काकांच्या.

ती खुर्ची ओढून काकांसमोर बसली.

"काका, assert ची तपासणी आपल्यासाठी असते. रिलीज करताना कंपायलर ती काढून टाकतो, कंसात जे असेल त्यासकट. तुम्ही अलार्म त्या कंसात घातलात. आयडीईत आपण चुका शोधायची डीबग बिल्ड चालवतो, तिच्यात assert शाबूत असतो, म्हणून इथे तो वाजत राहिला. हॉस्पिटलमध्ये ओळच उरली नाही."

"नाव तर चिमणीचं आहे."

"तिची सुधारणा आत घेताना तुम्ही दोन ओळींची एक केलीत. नाव तिचंच राहिलं, टॅब मात्र तुमचा. ओळी का जोडल्यात?"

काकांनी स्क्रीनकडे पाठ केली.

"दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "वर्षभर झालं. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. अक्षरं मोठी केली की ओळी मावत नाहीत, म्हणून जोडत गेलो. लोकांना कळलं असतं तर हे सगळं हातातून गेलं असतं. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"चूक तुमची आहे हे आज सकाळी कळलं होतं तुम्हाला?"

"फोन आला तेव्हाच."

"आणि तरी तिचं नाव घेतलंत."

त्यांनी मान खाली घातली. ज्यांनी तिला सी शिकवली, त्यांच्याकडे तिला बघवेना.

तिने दोन ओळी वेगळ्या केल्या, रिलीज बिल्ड केली, पाठवली. वीस मिनिटांनी इंजिनिअरचा फोन आला. मागे अलार्म कर्कश वाजत होता.

"बाराही मशीनं वाजतायत!"

"आणि बाळ?"

"अजून काही सांगता येत नाही म्हणतात."

काका उठले, धडपडत तिच्या टेबलापाशी आले.

"चिमणीला फोन लाव," ते म्हणाले. "खरं काय ते मीच सांगणार. तू मधे पडू नकोस."