काठीच्या टोकावरचा पेला

तिने रसाच्या डब्यात नळी खुपसली, तेवढ्यात कुणीतरी डबाच हातातून काढून घेतला.

"अहो, वेड लागलंय का? मघाशीच इन्सुलिन टोचून घेताना पाहिलं तुम्हाला... आणि वर हे गोड?"

तळ्याकाठी नावेला रंग देणारा तरुण होता तो.

"साखर खाली आलीय हो माझी! द्या इकडे, नाहीतर इथेच आडवी होईन."

ती घटाघट प्यायली. डोळ्यांपुढचं धुकं विरलं, तर समोर हा कान पकडून उभा — रंगाच्याच हातांनी! दोन्ही कान निळे. तिला हसू आवरेना.

मग गप्पा रंगल्या. सातव्या वर्षी तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणं थांबवलं होतं. तेव्हापासून रोजच्या सुया, घासाघासाचा हिशेब, आणि "नको गं, जपून" म्हणणारी आई. आता ती लहान मुलांना पोहायला शिकवत होती. डॉक्टरांनी होकार दिला होता. शर्यतीत हे अख्खं तळं तिला पार करायचं होतं. पण सोबत नाव हवी, आणि तिच्यासोबत यायला कुणीच तयार नव्हतं.

"मी येतो की," तो म्हणाला. "फक्त... आधी मला सगळं शिकवा."

तिने शिकवलं. साखर उतरली की तिची थट्टा थांबते, ती प्रत्येक गोष्टीला मुकाट 'हो' म्हणते, हेही सांगितलं.

"म्हणजे तुम्ही शहाण्यासारख्या वागलात की समजायचं, गडबड आहे!"

"तुमच्याबाबतीत ती भीतीच नाही," ती म्हणाली. सराव करता करता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शर्यतीचा नियम कडक होता. नावेला हात लागला की बाद. म्हणून लांब काठीच्या टोकाला पेला बांधून तो तिला रस पाजायचा. शर्यतीच्या दिवशी अर्धं तळं मागे पडलं, आणि तिचे हात जड झाले. त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"बरी आहेस ना?"

"हो."

"थांबायचं?"

"हो."

त्याने वाकून तिच्याकडे निरखून पाहिलं. मग — "लग्न करशील माझ्याशी?"

"हो."

खूश व्हायचं सोडून तो पांढराफटक पडला. काठी झपकन पुढे आली. "पी! आधी पी!"

ती जागच्या जागी पाय मारत प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. हळूहळू पाणी गार लागू लागलं. आणि एकदम तिला आठवलं, त्याने काय विचारलं होतं ते!

"आता सांग, करशील?"

"आधी नाव सरळ चालव! गोल गोल फिरवतोयस मला!"

तो इतका मोठ्याने हसला की पलीकडच्या नावेतली माणसं वळून बघायला लागली. तिने पाण्यात डोकं घातलं आणि जी सुटली, ती थेट किनाऱ्यालाच लागली.

टाळ्यांच्या गजरात आई रडत, हसत टॉवेल घेऊन धावली.

"आई, आधी बोट टोच."

आईने घाईघाईने साखर मोजली. छान होती. यंत्र आईकडून घेऊन तिने तो आकडा नावेतून उतरून आलेल्या त्याच्या नाकासमोर धरला.

"बघितलंस? हं... आता विचार."

"सगळ्यांसमोर?" तो लाजला. "करशील... लग्न?"

"हो!" ती म्हणाली. "आणि पूर्ण शुद्धीत."

आई दोघांकडे बघतच राहिली. "अगं, आधी डोकं तरी पूस!"