हैद्राबादचा जावई

आमच्या दुकानाला भिंती नव्हत्या. पाटोद्याच्या बाजारात, लिंबाखाली चार मेढी, वर कडब्याचं छप्पर आणि मधोमध गोणपाटाचा पडदा. पडद्यापुढे माझी आई केसरबाई, पडद्यामागे चूल आणि मी. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तिच्यात घट्ट झुणका, ठेचा, फोडलेला कांदा... आणि दुमडून थेट हातात! एका पैशात पोट भरायचं. ताट नाही, पाट नाही. उभ्या उभ्या खायचं आणि बाजाराला लागायचं.

त्या साली आभाळ रोज भरून यायचं आणि रोज तसंच निघून जायचं. अशाच एका मळभाच्या दुपारी पडद्यापलीकडून आवाज आला —

"मावशी, ही भाकर एका बाजूनं जाड हाय. थापणारीचं ध्यान कुटं होतं?"

आई काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून गेलं, "जाड लागत आसंल तर तेवढी मेंढराला घाला."

"आन मी मेंढरावाला हाय, हे कसं कळलं?"

"वास आला."

"झुणक्याच्या वासातून बी आला? नाक लई तिखट दिसतंय..."

गोणपाटाला एक भोक होतं. मी डोळा लावला. खांद्यावर काळी घोंगडी, सावळा चेहरा आणि हसताना मान खाली घालायची सवय. त्याचं नाव बंकट. सिरसाळ्याकडून घोंगड्या विकायला आलेला. आम्हीही मेंढक्यांचेच. बाप गेला तेव्हा आईने मेंढरं विकून ही चूल मांडली होती. म्हणजे जातीपातीची अडचण नव्हती.

अडचण एकच होती. माझं लग्न झालेलं होतं! म्हणजे तसं आईने साऱ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. विधवेची तरणी पोर दुकानात बसते म्हटल्यावर रिकामटेकडे घिरट्या घालणारच. म्हणून तिने एक जावईच उभा केला. तो हैद्राबादेत सरकारी तबेल्यात नोकरीला होता. माझ्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या आणि वर गळ्याची आण घातली, कुणाजवळ बोलायचं नाही. कुणी विचारलं की आई सांगायची, जावयाला रजा मिळत नाही. नसलेल्या माणसाला कुठून मिळणार रजा!

बंकट परगावचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. चार बाजार आमचं पडद्याआडून बोलणं चाललं. सहा दिवस मी एखाद्या वाक्याची जुळवाजुळव करायची आणि सातव्या दिवशी तेच नेमकं विसरायची.

पाचव्या बाजारी आई पाण्याला गेली होती. भाकरी मीच फटीतून बाहेर धरली. तिच्यासोबत माझा हात गेला... आणि हिरव्या बांगड्या गेल्या.

"चुकी झाली, वैनी," तो हळूच म्हणाला. "मला म्हाईत नव्हतं."

वैनी! मला रडूच कोसळलं, पण चुलीच्या धुरावर निभावलं.

तो येतच राहिला. आईला विचारायचा, "जावई बरे हायत का?" माझ्याशी एक अक्षर नाही. मी मुद्दाम भाकरी एका बाजूने जाड थापायची. त्याने ओळखावं, चिडवावं... तो मान खाली घालून तशीच गिळायचा.

मग हैद्राबादकडून मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, मान मोडल्यासारखी दुखायची आणि धडधाकट माणसं तीन दिवसांत जायची. आई आजारी पडली. घरी तिला निजवून मी एकटीच बाजारात आले. आण मोडायची ठरवूनच आले होते. उद्या मीच उरले नाही तर? पहाटे हाताला तेल लावून हिरव्या बांगड्या उतरवल्या होत्या. कासाराकडून कुवार पोरीसारख्या लाल भरायच्या आणि बंकटला सांगून टाकायचं. पण साथीच्या भीतीने कासार आलाच नाही. अर्धा बाजार ओस होता.

बंकट मात्र आला. मी तशीच मोकळ्या हाताने भाकरी पुढे केली.

त्याने भाकरी घेतली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"आवो, ऐका ना... मला सांगायचं होतं—"

"बोलू नगा. कळलं मला."

"खरंच कळलं?"

"हातच सांगतोय की." त्याने खांद्यावरची घोंगडी काढून पडद्याखालून आत सारली. "ही घ्या आंगावर. थोडं दिस जाऊ द्या... मी येतो. मंग बोलू पुढचं."

इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. त्या घोंगडीत तोंड खुपसून मी वेड्यासारखी हसले. कळलं त्याला! आपण होऊन कळलं!

तो पुढच्या बाजारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. असे पाच बाजार गेले. आईचा ताप उतरला, पण ती अंथरुणातून उठलीच नाही; खालावत गेली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"यायचा आसता तर आला आसता, बाय," ती म्हणाली. "माजा जीव जायच्या आत तुज्या हातात खऱ्या बांगड्या बघू दे."

शेजारचा रामहरी आमच्यातलाच. दोर वळून विकायचा. त्याची बायको त्याच साथीत गेली होती. आईने त्याला खरं काय ते सांगून माझ्यासाठी विचारलं. मी नाही म्हणू शकले असते. पण आईकडे बघून ते तोंडातून निघेना. वाजंत्री नाही, वऱ्हाड नाही, तसंच लग्न लागलं. चौथ्या दिवशी आई गेली.

माघात बंकट आला. मी भोकातून बघितलं. नवं पागोटं बांधलं होतं. आईच्या जागी रामहरी बसला होता.

"केसरबाई कुटं हायत?"

"गेल्या मानमोडीत. मी त्यांचा जावई."

"हैद्राबादचे?... तुमी अजून जित्ते हायत व्हय?"

रामहरी हसला. "हैद्राबाद कुनी बघितलंय! त्यो जावई म्हातारीनं उगं उठवला होता. पोरीचं लगीन आत्ता मार्गेसरात झालं, माज्यासंगं. थांबा, तेवढा कांदा आणतो."

तो गेला. मी भाकरी बाहेर धरली. हात हिरव्या बांगड्यांनी भरलेला.

"त्या दिशी हात मोकळा बघितला," बंकट म्हणाला, "मला वाटलं, मालक गेले तुमचे..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आपल्यात रांडावल्या बाईचं म्होतूर लागतं, दुसऱ्यांदा घर मांडता येतं. पन लगीच कसं इचारावं? म्हणलं चार म्हैने तरी दुखवटा पाळावा... बाजारात आलो आसतो तर ऱ्हावलं नसतं, म्हणून मेंढरं घिऊन गोदेकाठी गंगथडीला गेलतो."

जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याचा दुखवटा बंकटने चार महिने पाळला होता. आणि मी रोज वाट बघितली होती.

"मी लई वाट बघितली," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

त्याने भाकरी घेतली. बोट बोटाला लागलं नाही. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तेवढ्यात रामहरी कांदा घेऊन आला.

"कशी हाय भाकर?"

"चांगली हाय," बंकट मान खाली घालून म्हणाला. "वैनीच्या हाताला चव हाय."

या खेपेला त्याची काही चूक नव्हती.