निळं बटन

कलाबाईचा राग दोन वर्षं जुना होता. तालुक्याच्या ज्या दवाखान्यात ती आता दुर्बीण धुवायचं काम करायची, तिथंच तिच्या नवऱ्याच्या, माणिकरावाच्या नरड्यात हीच दुर्बीण घातली होती. दुर्बिणीचं निळं बटन दाबलं की अन्ननलिकेतली रोगट जागा तपकिरी उठून दिसते. तेव्हा डॉक्टरनं ते दाबलंच नाही. पांढऱ्या उजेडात अर्धं मिनिट पाहिलं न् म्हणाला, "पित्त आहे." सहा महिन्यांत घोटभर पाणीही उतरेना. मेला बिचारा.

त्या दुपारी टेबलावर सत्यभामाबाई होती, डॉक्टर तोच. बीटी कपाशी आली, आता औषध फवारायचा जाच सुटला, असं सगळे म्हणायचे. कुठला सुटतो! पंपाचं नोझल तुंबलं की ही बाई तोंडानं फुंकून मोकळं करायची. माणिकरावही तेच करायचा.

"साहेब, निळं बटन दाबा ना."

"तू दुर्बीण धू. मला शिकवू नको. बाहेर वीस पेशंट बसलेत."

कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, एक बटन दाबायला तुझं काय जातं, मेल्या?

तेवढ्यात नळीतून आवाज आला. फू... फू... तुंबलेलं नोझल कुणी फुंकावं तसा. खोलीत फवाऱ्याच्या औषधाचा उग्र दर्प भरला, आणि मशीनचा पडदा आपोआप निळा झाला. मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग.

डॉक्टरचं बोट बटनावर नव्हतं.

"हे... तू केलं?"

"मी काऊन करू? माये हात तं साबणात हायेत..."

तुकडा तपासणीला गेला. रोग कोवळा होता, सत्यभामाबाई वाचली. कलाबाईचा राग मात्र निवला नाही.

महिन्याभरात डॉक्टरच्याच घशात घास अडकू लागला. जालन्याहून त्याचा डॉक्टर मित्र आला, त्यानं ह्याला त्याच टेबलावर निजवलं. निळं बटन दाबलं. पडदा पांढराच. पुन्हा दाबलं. पांढराच.

"मशीन बिघडलंय का हो बाई?"

"काल तं मस्त चालून राह्यलं होतं."

"जाऊ दे. काही दिसत नाही. पित्त असेल."

डॉक्टरच्या तोंडात नळी होती. त्याचे डोळे तेवढे कलाबाईकडं वळले.

मित्र हात धुऊन निघाला. कलाबाईनं दुर्बीण घासली, पुसली, अन् सहज बटन दाबलं. पडदा निळाशार झाला.

बाहेर मित्राची गाडी अजून सुरू व्हायची होती. एक हाक मारली असती तरी पुरे होती.

फू... नळीतून हळूच आवाज आला.

"हाव," मान हलवून ती म्हणाली, आणि दुर्बीण कपाटात टांगून ठेवली.