लठ्ठ गुरुवारचा अर्धा पॉन्चेक

वॉर्सामध्ये लठ्ठ गुरुवारची, म्हणजे मोठ्या उपवासाआधी पोटभर गोड खायच्या सणाची, सकाळ. हिम भुरभुरत होतं, अन् पॉन्चेकच्या, म्हणजे मुरंबा भरून तळलेल्या गोड पावांच्या, दुकानापुढची रांग गल्ली वळून गेली होती.

"आपल्याला मिळणार नाहीत," काचेतून ट्रे मोजत माल्विना स्वतःशीच पुटपुटली. "जो तो डझनावारी नेतोय."

"मिळतील की!" पुढचा तरुण वळला. टोपीवर हिम, डोळ्यांत हसू. "दुकानवाली अजून गुणगुणतेय. माल संपत आला की तिचं गाणं थांबतं."

"तुम्ही गाण्यावर हिशेब करता?"

"अन् तुम्ही ट्रे मोजता!"

गाणं थांबलं. शेवटचा खोका त्याच्या हातात पडला.

"एक घ्या ना... आज पॉन्चेक खाल्ला नाही, तर अख्खं वर्ष फुकट जातं."

"नको. माझा हिशेब बरोबर आला, तेवढं पुरे," म्हणत ती वळली. वळली, पण त्याची नजर पाठीवर शेकत राहिली.

दुपारी तिची परीक्षा होती. बोचान नावाच्या गेम कंपनीचे शेअर घ्यायचे की नाही, हे बाजार बंद व्हायच्या आत तिला सांगायचं होतं. कंपनीचा नवा गेम उद्या विक्रीला येणार. ती ज्या फंडात कामाला होती, तिथला पैसा निवृत्त शिक्षकांचा. अन् मतावर पहिल्यांदाच तिची एकटीची सही. कंपनीनं गुंतवणूकदारांना गेम बघायला बोलावलं होतं. दाखवायला उभा राहिला... तोच! तिमोन. गेम त्यानंच रचलेला.

"ट्रे मोजून झाले?" तो हळूच म्हणाला.

"झाले. लाखो लोकांनी तुमचा गेम आधीच मागून ठेवलाय. आकडे छान आहेत."

"मागणं वेगळं, आवडणं वेगळं. उद्याचा गेम आकड्यांनी खेळलाय कुठे? मनाला विचारा."

"मनाला भूक आणि भविष्य यांतला फरक कळत नाही!"

म्हणाली खरी, पण तेवढ्यात तिला ते दिसलं. सकाळचा खोका रिकामा, सगळ्यांच्या ओठांवर साखर... अन् तिमोनच्या टेबलावर, कागदात, एक पॉन्चेक तसाच.

"तुम्ही खाल्ला नाहीत?"

"नंतर..." त्यानं नजर चुकवली. पुडी बाजूला सरकवली.

आजच्या दिवशी याच्या घशाखाली घास उतरत नाही? म्हणजे गेममध्ये काहीतरी बिघडलंय! आकडे म्हणत होते, घे. मन म्हणत होतं, पळ. सरळ विचारावं, तर कंपनीचं आतलं गुपित सांगणं कायद्यानं त्याला गुन्हा अन् त्यावरून शेअरचं ठरवणं तिला.

ती दाराबाहेर पडली. घड्याळ धावत होतं. ठरलं — नकोच म्हणायचं.

"थांबा!" तिमोन धावत आला. उंबरठ्याच्या आतून त्यानं कागदाची पुडी पुढे केली. तिनं हात लांबवला, अन् दोघंही चटका बसल्यासारखे मागे सरले.

"उंबरठ्यावरून नको! भांडण होतं," दोघं एकदमच म्हणाले.

तो बाहेर, हिमात आला. "तुमचाच आहे. तुम्ही नको म्हणालात, पण... सकाळपासून मला एकट्याला खाववेना."

"अहो, मला वाटलं, तुम्ही घाबरलात!"

"घाबरलोच होतो. गेमला नाही."

माल्विनाला हसू फुटलं, पण लगेच विरलं. एका पॉन्चेकवरून ती कंपनीला नकार द्यायला निघाली होती! अन् आता? आता तर तिला हो म्हणावंसं वाटत होतं — तेही पॉन्चेकवरूनच. तिनं अर्धा खाल्ला. गुलाबाचा मुरंबा ओठाला लागला. उरलेला अर्धा तिनं त्याच्या हातात दिला.

फोन वाजला. तिच्या साहेब, हाल्श्काबाई.

"बोल गं, घ्यायचे का?"

"बाई, आकडे तुमच्या टेबलावर ठेवलेत, ते खरे आहेत. पण सही दुसऱ्या कोणाची घ्या."

"पहिली सही आहे तुझी, वेडे!"

"माहीत आहे."

"स्वतःसाठी त्यांचे शेअर घेतलेस की काय?"

"नाही हो..." तिनं तिमोनकडे पाहिलं. त्याच्या मिशीवर साखर होती. "त्यांचा पॉन्चेक खाल्ला."

बाईंचा आवाज नरमला.

"अख्खा?"

"अर्धा. अर्धा त्यानं."

"मग सही मी करते. तू आज ऑफिसात परत येऊ नकोस, सुट्टी घे."